‘परवानगी नाकारली’ : संगणकाचा नकार आणि त्यावरचे इलाज

‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला मिळणारा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘विंडोज ११’साठी लागणारी यंत्रसामग्री नसलेले कित्येक धडधाकट संगणक त्यामुळे एका दिवसात ‘जुने’ ठरले. शहरातील घरांत अशा संगणकांचे दोनच मार्ग असतात, भंगारवाला किंवा गाव. गावाकडे जाणाऱ्या संगणकावर बहुधा ‘उबुंटू’ किंवा तत्सम लिनक्स घातले जाते, कारण ते मोफत असते आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी पळते.

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना लागणारे, बिंदुसरा धरणाजवळचे पाली हे गाव उदाहरणादाखल घेऊ. पुण्यात नोकरीला असलेल्या थोरल्याने आपला जुना लॅपटॉप लिनक्स घालून पालीतील धाकट्या भावाला दिला आहे, अशी कल्पना करावी. त्यात सातबाऱ्याचे उतारे, महाडीबीटीवर भरलेल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या पावत्या, बारावीची गुणपत्रिका, घरातील लग्नाची छायाचित्रे असे सगळे आहे. काही दिवस सुरळीत जातात आणि एका संध्याकाळी फोन येतो, ‘दादा, परमिशन डिनाइड म्हणतंय.’ पलीकडून दादा विचार न करता सांगतो, ‘पुढे सुडो लाव.’

हा सल्ला बहुतेक वेळा चालून जातो आणि तेच त्याचे दुखणे आहे. संगणकाने नकार का दिला, हे न पाहता सर्वाधिकार वापरण्याची सवय लागते. पाचव्या-सहाव्या वेळी अशी एखादी आज्ञा दिली जाते, की तिच्यानंतर संगणक सुरूच होत नाही. शहरात असे झाले तर शेजारी एखादा जाणकार सापडतो. फोनवरून दुरुस्ती चाललेली असेल तर तो लॅपटॉप पुढच्या सुटीपर्यंत कपाटात पडून राहतो, आणि अर्जाची मुदत काही थांबत नाही.

फाईलचा सातबारा

संगणकाचा नकार हा बिघाड नसतो. ते एका प्रश्नाचे उत्तर असते. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकली, की ती आज्ञा कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे विनंती करते, ‘अमुक वापरकर्त्याला अमुक फाईल वाचायची आहे’ किंवा ‘तीत लिहायचे आहे’. गाभा त्या फाईलची नोंद पाहतो आणि हो किंवा नाही म्हणतो.

ही नोंद म्हणजे फाईलचा सातबाराच म्हणावा लागेल. तिच्यावर एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सारे ‘इतर’ या सदरात जातात. या तिघांना प्रत्येकी तीन हक्क असू शकतात : वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा. पडद्यावर ते आर, डब्ल्यू आणि एक्स या अक्षरांनी दिसतात. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन आणि चालवण्याला एक असे अंक दिलेले असल्याने तीच नोंद आकड्यांतही लिहिता येते. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला आणि इतरांना फक्त वाचता येईल. ६०० म्हणजे मालकाखेरीज कोणालाच काही करता येणार नाही. ७७७ म्हणजे गावजत्रा, कोणीही यावे आणि काहीही करावे.

ही रचना नवी नाही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडवलेल्या ‘युनिक्स’मधून ती आली. एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण काम करीत, त्यांचे कागद एकमेकांत मिसळू नयेत, ही त्या वेळची गरज होती. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा हीच पद्धत स्वीकारली. ‘सी-डॅक’ने विकसित केलेल्या ‘बॉस’ या भारतीय कार्यप्रणालीतही तीच आहे, कारण ‘बॉस’ मुळात लिनक्सच आहे. अ‍ॅपलच्या मॅकचे मूळही युनिक्सच्याच घराण्यात आहे.

नोंद पाहण्यासाठी ‘एलएस -एल’ आणि पुढे फाईलचे नाव अशी आज्ञा द्यावी. आपण कोण आणि कोणकोणत्या गटांत आहोत, हे ‘आयडी’ या दोन अक्षरी आज्ञेने कळते. (या लेखातील सर्व आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकायच्या आहेत. ‘-एजी’मधील ‘जी’सारखा एखादा अपवाद सोडला, तर अक्षरे लहान लिपीतील असतात. फोनवर सांगताना हे आवर्जून सांगावे, कारण लिनक्स मोठ्या आणि लहान अक्षरांत भेद करते.) या दोन आज्ञा काही बदलत नाहीत, केवळ माहिती देतात. नकाराचे निम्म्याहून अधिक उलगडे येथेच होतात.

नावापेक्षा क्रमांक खरा

पालीच्या लॅपटॉपला दादाने आपल्या आणखी जुन्या संगणकातील हार्ड डिस्क जोडून दिली असेल, तर एक गमतीचा प्रकार घडतो. त्या डिस्कवरील फोल्डर उघडत नाही, वा उघडले तरी त्यात काही साठवता येत नाही. यादी पाहावी तर मालकाच्या जागी नाव नसून १००१ असा आकडा असतो.

फाईलच्या नोंदीत मालकाचे नाव लिहिलेलेच नसते, त्याचा क्रमांक असतो. उबुंटू आणि डेबियन पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक देतात, दुसऱ्याला १००१. ‘फेडोरा’मध्ये २०११ च्या सोळाव्या आवृत्तीपूर्वी ही मोजणी ५०० पासून होत असे, त्यामुळे फार जुन्या डिस्कवर ५०० हा मालक आढळला तर नवल नाही. त्या क्रमांकाचा माणूस नव्या संगणकावर नसेल तर नुसता आकडा दिसतो. त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे, जुन्या संगणकावर १००० हा क्रमांक दादाचा होता आणि नव्या संगणकावर तो आईच्या खात्याला मिळाला, तर दादाचे सारे कागद आईच्या नावावर दिसू लागतात. फेरफार न होता मालक बदललेला असतो.

येथे इलाज म्हणजे खरोखरीचा फेरफार. ‘सीएचओन’ या आज्ञेने मालक बदलता येतो आणि तिच्यासाठी सर्वाधिकार लागतात, म्हणजे येथे ‘सुडो’ लावणे रास्त आहे. मात्र ती आज्ञा त्या एका फोल्डरपुरतीच द्यावी. ‘-आर’ हा जोड लावला की फोल्डरच्या आतील सर्व फोल्डर आणि फायली बदलतात. अशा वेळी मार्गाच्या सुरुवातीची तिरकी रेघ आणि फोल्डरचे नाव यांच्यात चुकून एक मोकळी जागा सुटली, तर आज्ञेला दोन ठिकाणे मिळतात, आणि त्यांतील पहिले म्हणजे अख्खी कार्यप्रणाली असते. एन्टर दाबण्यापूर्वी आज्ञा फोनवर मोठ्याने वाचून घेणे, हा खबरदारीचा अतिरेक मुळीच नाही.

वाड्याची देवडी

फाईलची नोंद पाहिली, मालक आपणच, हक्कही पुरेसे, तरीही नकार येतो. अशा वेळी फाईल सोडून तिच्यापर्यंतचा रस्ता तपासावा. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवण्या’च्या हक्काचा अर्थ वेगळा असतो, तो त्यातून आत जाण्याचा हक्क असतो. माजघरातील पेटीची किल्ली आपल्याकडे असली तरी देवडीवर अडवले तर तिचा उपयोग नाही. ‘नेमआय -एल’ ही आज्ञा पूर्ण मार्ग देऊन चालवली की देवडीपासून पेटीपर्यंत प्रत्येक दाराची नोंद ओळीने दिसते आणि कोणत्या दाराशी अडले, ते लगेच कळते.

दोन भावंडांची खाती एकाच लॅपटॉपवर असतील तर हा अनुभव हमखास येतो. उबुंटूमध्ये पूर्वी प्रत्येकाचे घरचे फोल्डर इतरांना वाचता येत असे. २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांचे घर इतरांसाठी बंद ठेवले जाते. त्यामुळे जुन्या संगणकावर चालणारी देवघेव नव्यावर अडते. घराचे दार सताड उघडण्यापेक्षा दोघांचा एक गट करून सामायिक फोल्डर वेगळे ठेवणे बरे.

याच रचनेचा एक परिणाम अनेकांना खटकतो. फाईल पुसून टाकण्याचा हक्क फाईलवर नव्हे, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर अवलंबून असतो. जी फाईल आपण वाचूही शकत नाही, ती आपल्या फोल्डरमध्ये असेल तर आपण पुसू मात्र शकतो.

‘सुडो’ची किमया आणि किंमत

‘सुडो’चा जन्म १९८० च्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात झाला. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर हे तिचे कर्ते. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द सर्वांना न देता, नेमक्या माणसांना नेमक्या कामापुरते अधिकार द्यावेत, हा तिचा हेतू. उबुंटूने २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून ‘रूट’ खात्याचा दरवाजा कुलूपबंद ठेवला आणि घरगुती वापरकर्त्याच्या हाती ‘सुडो’ दिली. ती वापरताना परवलीचा शब्द टंकला तरी पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, अशी बहुतेक ठिकाणी जुनी रीत आहे. ‘कीबोर्ड चालत नाही’ अशी तक्रार फोनवर आली तर कारण बहुधा हेच असते.

सर्वाधिकाराने केलेल्या कामाचे ठसे मागे राहतात. ‘सुडो’ लावून एखादा कार्यक्रम चालवला आणि त्याने आपल्या घरच्या फोल्डरमध्ये फायली निर्माण केल्या, तर त्या फायलींचा मालक ‘रूट’ होतो. दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम साध्या खात्यातून त्या फायलींना हात लावू पाहतो आणि नकार मिळतो. मग पुन्हा ‘सुडो’, पुन्हा नव्या फायली. एका नकारावरचा चुकीचा इलाज पुढच्या दहा नकारांना जन्म देतो. पडद्यावर खिडक्या उघडणारे कार्यक्रम असे चालवल्याने ‘एक्स-ऑथॉरिटी’ नावाची दडलेली फाईल ‘रूट’च्या मालकीची झाली, की परवलीचा शब्द बरोबर देऊनही संगणक पुन्हा त्याच प्रवेशपडद्यावर आणून सोडतो. लोक शब्द विसरल्याची शंका घेत बसतात.

पायथॉन शिकणारे विद्यार्थी ‘पिप’ ही आज्ञा ‘सुडो’सह देतात, तोही याच जातीचा प्रकार. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ या २०२३ च्या आवृत्त्यांपासून ‘पिप’ला कार्यप्रणालीच्या पायथॉनमध्ये ढवळाढवळ करू दिली जात नाही. प्रत्येक प्रकल्पासाठी ‘व्हीएन्व्ह’ने वेगळी जागा करून घेतली, तर सर्वाधिकाराची गरजच पडत नाही.

उलट प्रसंगही येतो. ‘सुडो’ लावूनही नकार मिळतो. ‘सुडो इको’ लिहून पुढे मजकूर आणि ‘>’ हे चिन्ह टाकून एखाद्या संरक्षित फाईलमध्ये ओळ घालू पाहणाऱ्यांना हा अनुभव येतो. येथे सर्वाधिकार मिळतात ते केवळ ‘इको’ला. फाईल उघडण्याचे काम मात्र ‘>’ या चिन्हामुळे शेल म्हणजे टर्मिनलचा आज्ञावाचक करतो, आणि तो साध्या वापरकर्त्याच्याच अधिकारात असतो. मजकूर नळीच्या चिन्हाने ‘सुडो टी’कडे पाठवला की काम होते. ‘-ए’ हा जोड विसरू नये, अन्यथा फाईलमधील आधीचा सारा मजकूर जातो.

दिसते परवानगी, असते दुसरेच

आपण लिहिलेला छोटा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालत नाही आणि ‘सीएचमॉड’ने हक्क देऊनही काही बदलत नाही, असे झाले तर पेनड्राइव्हची रचना आठवावी. बहुतेक पेनड्राइव्ह ‘फॅट’ पद्धतीचे असतात आणि तिच्यात मालक, गट, हक्क यांना जागाच नाही. जोडताना ठरलेले हक्क सर्व फायलींना एकसारखे लागू होतात. कार्यक्रम संगणकावर उतरवून घ्यावा आणि तेथे ‘सीएचमॉड यू+एक्स’ द्यावे.

‘रीड-ओन्ली फाईल सिस्टिम’ हा संदेश परवानगीच्या नकारासारखा वाटतो, पण त्याचे कूळ निराळे आहे आणि त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर कारण साधे असू शकते. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ सोय संगणक पूर्ण बंद करीत नाही, डिस्कचा तो भाग अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्स त्यात लिहिण्याचे टाळते. शिफ्ट कळ दाबून धरून विंडोज बंद केले की प्रश्न मिटतो. पण लिनक्सचा स्वतःचाच भाग एकाएकी ‘रीड-ओन्ली’ झाला, तर डिस्कवर चुका आढळल्याने गाभ्याने लिहिणे थांबवलेले असू शकते. बॅटरी निकामी झालेला लॅपटॉप वीज जाताच धाडकन बंद पडतो, त्याने अशा चुका होतात. डिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याचीही शक्यता असते. तेव्हा हक्क बदलण्याचा खटाटोप न करता आधी कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ या दोन वाक्यांतही भेद आहे. पहिल्याचा अंतर्गत क्रमांक १३, दुसऱ्याचा १. पहिले वाक्य साधारणतः हक्कांच्या नोंदीकडे बोट दाखवते. दुसरे सांगते की ही कृतीच तुमच्या अधिकारातील नाही. ‘सुडो’ लावूनही दुसरे वाक्य आले तर फाईल ‘अपरिवर्तनीय’ म्हणून खूण केलेली आहे का, ते ‘एलएसएटीटीआर’ या आज्ञेने पाहावे.

अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी आर्डुइनोचा फळा जोडतात आणि पोर्ट उघडत नाही, तेव्हा अडचण गटाची असते. उबुंटू आणि डेबियनमध्ये त्या पोर्टचा गट ‘डायलआउट’ असतो, त्यात आपले नाव घालावे लागते. त्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या ‘यूजरमॉड -एजी’ या आज्ञेतील ‘ए’ गळाला, तर वापरकर्ता त्या एका गटात जातो आणि बाकीच्या सर्व गटांतून, अगदी ‘सुडो’च्या गटातूनही, बाहेर फेकला जातो. त्याऐवजी ‘अ‍ॅडयूजर’, पुढे वापरकर्त्याचे नाव आणि गटाचे नाव, ही आज्ञा निर्धोक. बदल लागू होण्यासाठी एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. तसे न केल्याने ‘सांगितले ते केले, तरी होत नाही’ असे वाटते.

मॅक आणि विंडोजवर

मॅकवर मालक असूनही नकार मिळू शकतो. २०१५ च्या ‘एल कॅपिटन’पासून कार्यप्रणालीच्या फायली ‘रूट’लाही बदलता येत नाहीत. २०१९ च्या ‘कॅटलिना’पासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांसाठी टर्मिनललाही वेगळी संमती लागते. ती ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सेटिंगमध्ये देता येते. तेथील ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ सरसकट देऊ नये. टर्मिनलला दिलेली मोकळीक टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रत्येक आज्ञेला मिळते.

विंडोजची कथा वेगळी. २००१ च्या ‘एक्सपी’त घरगुती खाती बहुधा सर्वाधिकारीच असत. एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सपीवर हात बसलेल्या पिढीला परवानगी ही भानगड ठाऊकच नव्हती. २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या ‘व्हिस्टा’पासून सर्वाधिकारी खातेही दैनंदिन काम मर्यादित हक्कांनी करते आणि ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ हे वाक्य दिसू लागले. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडणे हा तेथील ‘सुडो’. २०२४ च्या ‘विंडोज ११’मधील सुधारित आवृत्तीत तर ‘सुडो’ नावाचीच आज्ञा आली आहे. जुन्या डिस्कवरील स्वतःच्या फोल्डरसाठी ‘टेकओन’ आणि ‘आयसीएसीएलएस’ या आज्ञा आहेत. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरवर त्या चालवू नयेत. पॉवरशेलमध्ये स्वतःची आज्ञावली चालत नसेल तर तो फाईलच्या हक्कांचा नव्हे, ‘एक्झिक्युशन पॉलिसी’चा प्रश्न असतो.

७७७ चा घाव

‘सीएचमॉड -आर ७७७’ ही आज्ञा सल्ल्यांच्या बाजारात फार स्वस्त मिळते. एखाद्या फोल्डरवर ती चालवली तर कागद उघडे पडतात. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या ‘एसएसएच’ची खासगी किल्ली अशी उघडी पडली, तर ‘एसएसएच’च ती वापरायचे नाकारते. येथे नकार येतो तो हक्क कमी पडल्याने नव्हे, ते जास्त झाल्याने. पण तीच आज्ञा ‘सुडो’ लावून संपूर्ण डिस्कवर चालवली, तर ‘सुडो’च मरते.

त्याचे कारण रिचीच्या एका कल्पनेत आहे, जिचे अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले. काही कार्यक्रमांवर अशी खूण असते, की ते कोणीही चालवले तरी मालकाच्या अधिकाराने चालतात. ‘सुडो’ ‘रूट’च्या मालकीची आहे आणि तिच्यावर ही खूण आहे, म्हणूनच ती साध्या वापरकर्त्याला वर उचलू शकते. ७७७ ने ती खूण पुसली जाते. हक्क पूर्ववत करायला सर्वाधिकार हवेत आणि सर्वाधिकार देणारे दारच बंद, अशी अवस्था होते.

हीच खूण असल्याने ‘सुडो’तील दोषही महाग पडतात. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील एक दोष जाहीर केला. त्याने साधा वापरकर्ता परवलीच्या शब्दाविना ‘रूट’ होऊ शके, आणि तो दोष २०११ पासून तेथे होता. दुरुस्ती लगेच आली. ऑक्टोबर २०२५ मधील उबुंटू २५.१० मध्ये तर ‘रस्ट’ भाषेत नव्याने लिहिलेली ‘सुडो’ घातली गेली. गावाकडे दिलेल्या लॅपटॉपवरील सुधारणा वेळोवेळी उतरवून घेणे यासाठीही आवश्यक आहे.

संपूर्ण डिस्कवर ७७७ चालवलेच असेल तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. घरचे फोल्डर अद्याप उघडत असेल तोवर कागद पेनड्राइव्हवर घ्यावेत. संगणक सुरूच होत नसेल तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा सुरू होणारा पेनड्राइव्ह तयार करावा, त्यावरून ‘ट्राय उबुंटू’ निवडावे आणि डिस्क उघडून घरचे फोल्डर बाहेर काढावे. डिस्क सांकेतिक केलेली असेल तर तिचा परवलीचा शब्द लागेल. रेड हॅट घराण्यातील लिनक्समध्ये ‘आरपीएम’च्या नोंदींवरून मूळ हक्क बऱ्याच अंशी परत बसवता येतात. उबुंटू आणि डेबियनमध्ये तशी एक आज्ञा नाही. एकेक फाईल दुरुस्त करीत बसण्यापेक्षा कार्यप्रणाली नव्याने बसवणे कमी वेळाचे ठरते. कागद परत आणल्यावर मालकाचा क्रमांक तेवढा एकदा तपासून घ्यावा.